पोळी काढली, पण ताटात ठेवलं काय?

*ताई, सप्रेम नमस्कार. मी ४७ वर्षांची, सांगलीत शाळेत शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात साखरेच्या तपासणीत एचबीए१सी ६.२ आला. डॉक्टर म्हणाले, डायबेटिसच्या उंबरठ्यावर आहात, वजन उतरवा, पोळी-भात कमी करा. वजन ७४ किलो. बीपीची गोळी चार वर्षं चालू आहे (टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाईड एकत्र). मैत्रिणीने लो-कार्बचा तक्ता पाठवला आणि सोमवारपासून पोळी, भाकरी, भात, पोहे, साखर, बटाटा सगळं एकदम बंद केलं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, मग दुधीचा रस. दुपारी कमी तेलाची वाटीभर भाजी आणि काकडी. संध्याकाळी पपई, रात्री भाज्यांचं सूप. बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नाही म्हणून चहाही सोडला, आधी चार कप व्हायचा. लोणचं-पापड बंद, मीठ निम्म्यावर आणलं.*

*आज सहावा दिवस. अडीच किलो उतरले, पण दुसऱ्या दिवसापासून डोकं ठणकतंय. वर्गात खाली पडलेला खडू उचलून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री पोटऱ्यांत गोळे. पोट साफ होत नाही. सगळ्यांवर चिडचिड करते. सासूबाई म्हणतात, "पोळी पोटात नाही, तर अंगात त्राण कुठून येणार?" रोज सकाळी डब्यांच्या सोळा पोळ्या लाटताना रडू येतं. श्रावण तोंडावर आहे, सोमवारचे उपास असतात. शरीर नको म्हणत असेल तर सोडून द्यावं, की नेटाने रेटावं?*

*ता. क. यांनीही माझ्याबरोबर हेच सुरू केलंय. यांना सहा वर्षांपासून डायबेटिस आहे, ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी नाश्त्याआधी घेतात. परवा दुकानात दरदरून घाम फुटला, हात थरथरले. अशक्तपणा असेल म्हणून लिंबू सरबत घेतलं, मग बरं वाटलं.*

*— एक वाचक, सांगली*

तुमचं पत्र मी शेवटापासून वाचायला घेते, कारण सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही ता. क. मध्ये ढकललंय.

तुमच्या यजमानांना आजपासून आधीचं जेवण द्या. अगदी आज दुपारपासून. ग्लिमेपिराईड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि समोर ताटात पोळी आहे की काकडी, हे तिला कळत नाही. पोळी-भात असतानाच्या हिशेबाने डॉक्टरांनी तिचा डोस ठरवलेला असतो. जेवणातली कर्बोदकं एकदम गेली आणि गोळी तीच राहिली, तर रक्तातली साखर धाडकन खाली येते. दरदरून घाम, हातांची थरथर आणि सरबत पोटात गेल्यावर आलेली हुशारी, हे वर्णन साखर उतरल्याचं आहे. त्या सरबतात साखर होती म्हणून निभावलं. हेच दुकानाऐवजी मोटरसायकलवर झालं असतं तर?

एकत्र गोळीत एक गोची असते. पाकिटावर दोन नावं असतात, पण घरात तिला "मेटफॉर्मिनची गोळी" म्हणायची सवय पडते. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही, त्यामुळे "यांची गोळी साधीच आहे" असं सगळे धरून चालतात. तिच्या जोडीला ग्लिमेपिराईड किंवा त्याच जातीची ग्लिक्लाझाईड असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. त्यांना कर्बोदकं कमी करायची असतील तर जरूर करू देत, त्यांना तुमच्याइतकाच फायदा होईल. पण आधी डॉक्टरांकडे जाऊन परवाचा प्रसंग जसाच्या तसा सांगायचा आणि गोळीचा डोस आधी कमी करून घ्यायचा. तोवर ग्लुकोमीटर घरात असू द्या. पुन्हा तसं झालं तर लगेच बोटातून साखर तपासायची. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायला यंत्र हाताशी नसेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग काहीतरी खायचं. अशक्तपणा म्हणून झोपून जायचं नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी आणखी एक. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी "फ्लोझिन"ने संपणारी गोळी घेत असाल, तर डॉक्टरांना न विचारता कर्बोदकं फार कमी करू नका. या गोळ्यांवर असताना रक्तातली साखर जवळपास ठीक दिसते आणि तरीही अंगात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणं, आणि त्यावर घरगुती उपाय नाही, दवाखाना गाठायचा. इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचा विकार असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांनीही मैत्रिणीच्या तक्त्यावर विसंबू नये.

आता तुमच्याकडे वळते.

सोडावं की रेटावं, असं तुम्ही विचारता. मला विचाराल तर तुम्ही लो-कार्ब अजून सुरूच केलेलं नाही. दिवसभराचं जे लिहिलंय त्याचा मी अंदाजे हिशेब मांडला. सगळं मिळून चारशे-पाचशेच्या वर उष्मांक जात नाहीत. प्रथिनं दहा ग्रॅमच्या आसपास, जिथे तुमच्या वजनाला रोज साठेक ग्रॅम लागतात. तेल तुम्ही आपणहून तोडलंत. आणि गंमत बघा, कर्बोदकं नकोत म्हणून पोळी सोडली, पण सकाळच्या चमचाभर मधात पाच-सहा ग्रॅम आणि पपईच्या वाटीत पंधराएक ग्रॅम कर्बोदकं आहेतच, तीही बहुतेक साखरच. म्हणजे ताटात उरलं ते पाणी, थोडा चोथा आणि थोडी साखर. याला आपल्याकडे उपास म्हणतात. सहा दिवस असा उपास करून कुणालाही फळ्यासमोर अंधारी येईल.

सासूबाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. त्राण पोळीतूनच येतं असं नाही, पण पोळी काढली तर तिच्या जागी दुसरं भरभक्कम काही यायला हवं होतं, ते आलं नाही. शरीराला साखर मिळाली नाही की ते चरबी जाळायला घेतं, हे खरं. पण ते यंत्र सुरळीत चालायला काही दिवस जातात, आणि तेवढ्या दिवसांत खाण्यातून चरबी आणि प्रथिनं दोन्ही मिळावी लागतात. तुम्ही पोळीही थांबवली आणि तेलही.

डोकेदुखीपासून सुरू करू. मला इथे पहिला संशय चहावर आहे, पोळीवर नाही. दिवसाला चार कप चहा पिणाऱ्याने तो एका दिवसात तोडला, तर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, एक-दोन दिवस चांगलंच ठणकतं आणि आठवडाभरही रेंगाळू शकतं. तुमचं दुखणं बरोबर दुसऱ्या दिवशी सुरू झालं. सोमवारी चहा सोडल्याचा तो मंगळवार. चहात कर्बोदकं नसतात, ती साखरेत असतात आणि थोडी दुधात. तेव्हा उद्या सकाळी फक्कड आलं घालून चहा करा आणि प्या. बिनसाखरेचा नाही जात घशाखाली? मग अर्धा चमचा घाला. दोन कपांत मिळून पाच ग्रॅम साखर झाली, त्याने काही अडणार नाही. पुढच्या आठवड्यात पाव चमचा करा. जीभ महिन्याभरात बदलते, पण तिलाही वेळ द्यावा लागतो. ज्या दिवशी पोळी सोडायची त्याच दिवशी चहाही सोडायचा, असा पण कुणी करायला सांगितला होता?

आता अंधारी आणि पायातले गोळे. इथे थोडं आतलं गणित समजून घ्यायला हवं.

आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. दर एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही धरलेलं असतं. खाण्यातली कर्बोदकं कमी झाली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हा साठा बराचसा वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. शिवाय इन्सुलिनची पातळी उतरली की मूत्रपिंडं एरवीपेक्षा जास्त मीठ बाहेर टाकतात, आणि मिठापाठोपाठ आणखी पाणी जातं. तुमचे अडीच किलो उतरले त्यातले निम्म्याहून जास्त हे पाणी आहे. मन मोडायला सांगत नाही. पण गौरीला पुरणपोळी खाल्लीत आणि दुसऱ्या दिवशी काटा दीड किलोने पुढे गेला, तर "सगळं वाया गेलं" म्हणून हातपाय गाळू नका. तेही पाणीच असेल. पाणी जाऊन झाल्यावरची खरी चरबी आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरली तरी खूप झालं.

या दिवसांत सगळ्यांचंच मीठ जातं, म्हणून डोकं हलकं होणं, गळून जाणं, पायात गोळे हे प्रकार पहिल्या आठवड्यात नेहमीचेच. हल्ली त्याला "कीटो फ्लू" म्हणतात. पण तुमच्या बाबतीत मीठ तिन्ही वाटांनी चाललंय. कर्बोदकं कमी केल्याने जातंय, हायड्रोक्लोरोथायझाईडचं कामच लघवीतून मीठ-पाणी काढणं म्हणून जातंय, आणि जे आत यायचं तेही तुम्ही निम्म्यावर आणलंत. वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे असण्याची दाट शक्यता आहे. बीपी त्या क्षणी फार खाली जात असणार.

हे अंदाजावर सोडायचं नाही. आज बीपी मोजा. पाच मिनिटं शांत बसून एकदा, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त पडत असेल, किंवा बसलेलं असतानाच शंभराच्या खाली असेल, तर आजच डॉक्टरांना फोन. ते गोळी बदलतील, डोस कमी करतील, कदाचित सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगतील. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आकडे ठीक आले तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. कर्बोदकं कमी केल्यावर आणि वजन उतरल्यावर बऱ्याच जणांना बीपीची गोळी कमी लागते, त्यांना ते आधीच ठाऊक असलेलं बरं.

मिठाचं तुम्ही एवढंच करा, पूर्वी जेवढं खात होता तेवढ्यावर परत या. भाजीत नेहमीसारखं मीठ, जेवणानंतर चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घातलेलं वाटीभर ताक. यूट्यूबवर सांगतात तसं मीठ घातलेलं पाणी ग्लासच्या ग्लास पिऊ नका, तो उपाय बीपी नसलेल्यांसाठी आहे. ज्यांना बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास नाही, त्यांच्यासाठी मात्र या आठवड्यात ताक आणि मटणाचं अळणी पाणी यांच्यासारखं दुसरं औषध नाही. सांगली-कोल्हापूरकडे अळणी कसं करायचं हे मी सांगायला नको. आणखी एक, दुकानात "लो सोडियम" म्हणून जे मीठ मिळतं ते तुम्ही घेऊ नका. त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवू शकतं, आणि दोन्ही मिळून नको ते व्हायचं.

पायातल्या गोळ्यांसाठी रात्री झोपताना पोटऱ्या ताणून घ्या. जेवणात तीळ, शेंगदाणे, पालेभाजी, भोपळ्याच्या बिया आल्या की मॅग्नेशियमची बरीच सोय होते. आठ-दहा दिवसांत गोळे थांबले नाहीत तर डॉक्टरांना सांगा.

बद्धकोष्ठाचं कारण सोपं आहे. तुमच्या जेवणातला चोथा बराचसा गव्हाच्या पोळीतून यायचा, एका पोळीमागे तीनेक ग्रॅम. चार-पाच पोळ्या गेल्या आणि वाटीभर भाजीने ती जागा भरली नाही. भाजी दुप्पट करा. जवसाची किंवा कारळ्याची चटणी रोज दोन चमचे. तरी जमलं नाही तर रात्री चमचाभर इसबगोल, मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबर. पाणी कमी घेतलंत तर इसबगोल उलट अडकतो.

दुधीचा रस मात्र बंदच करा. त्यातून काही मिळत नाही, आणि दुधी कडू निघाला तर त्याचा रस विषारी ठरू शकतो, लोक त्याने रुग्णालयात भरती झाले आहेत. दुधी आवडत असेल तर हरभऱ्याची डाळ घालून भाजी करा, आणि चिरताना फोड चाखून बघा.

आता खायचं काय ते. मैत्रिणीचा तक्ता फाडून टाका. तुम्ही मारलेली उडी किती मोठी होती ते बघा. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे चाळीस ग्रॅम कर्बोदकं. पोह्यांची बशी पंचेचाळीस. दुपारी तीन पोळ्या, वाटीभर भात आणि वरण म्हणजे एकशे दहा. संध्याकाळचा चिवडा किंवा बिस्किटं वीस, रात्री पुन्हा दोन पोळ्या आणि भात, ऐंशी. हे झालं तीनशेच्या घरात. तुम्ही असा आहार घेत होता की नाही हे पत्रात नाही, पण मराठी घरात तो अगदी सर्वसाधारण आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत दिसलं की भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. त्याच पाहणीत असंही आढळलं की एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसता पांढरा तांदूळ-मैदा जाऊन त्या जागी गहू किंवा भरड धान्य आलं, तर धोका कमी झालेला दिसत नाही. "पोळीऐवजी नाचणीची भाकरी खा, हवी तेवढी खा" म्हणणाऱ्या शेजारणीला हे सांगायला हरकत नाही. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत पस्तीस-चाळीस ग्रॅम कर्बोदकं असतात, लहान पोळीत वीस. भाकरी चांगलीच आहे, पण मोजून.

तीनशेवरून एकदम वीस-तीसवर यायची तुम्हाला काही गरज नाही. एकशे दहा-वीसवर या. तुमच्या ६.२ ला तेवढं भरपूर आहे, पहिल्या दिवसांचा त्रास बराच कमी होतो, आणि मुख्य म्हणजे हे वर्षानुवर्षं चालू शकतं.

सकाळी पोळ्या लाटायच्या आधी खा. हे मी मुद्दाम आधी सांगतेय. उपाशीपोटी तव्यासमोर उभं राहून सोळा पोळ्या फुगताना बघायच्या आणि त्यातली एकही तोंडात घालायची नाही, असा छळ कुणी स्वतःचा करू नये. कांदा-कोथिंबीर घातलेलं दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि चहा घ्या, मग पोळपाट काढा. अंडी चालत नसतील किंवा वार असेल, तर रात्री भिजवलेल्या मूगडाळीचं धिरडं, आत किसलेलं पनीर. पोट भरलेलं असलं की पोळीचा वास नुसता वास राहतो. (घरात लाटणं धरू शकणारे आणखी हात आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर आठवडाभर त्यांच्याकडे द्यायला काय हरकत आहे? पोळ्या वातड होतील, होऊ देत.)

दुपारच्या डब्यात पोळी ठेवा. एक. पण ती शेवटी खायची. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, दही, मग पोळी. जेवणाच्या नुसत्या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अभ्यासांत दिसलंय. भाजीला नेहमीसारखी फोडणी द्या, तेल चोरू नका. मेथी, शेपू, चवळी, अंबाडी, वांगी, भेंडी, गवार, दोडका, फ्लॉवर, पडवळ यांतलं काहीही पोटभर. वांग्याच्या भरताला दाण्याचं कूट सढळ हाताने घाला.

मधल्या सुट्टीनंतरच्या तासांना भूक लागते, तेव्हा पर्समध्ये भाजक्या शेंगदाण्यांची डबी असू द्या. मूठभर दाण्यांत कर्बोदकं जेमतेम पाच ग्रॅम आणि प्रथिनं सात-आठ. शिक्षकांच्या खोलीत कुणाचा वाढदिवस असेल आणि पेढा हातात ठेवला, तर घ्या आणि घरी न्या. नकार देत बसलात की सगळा स्टाफ तुमच्या आहारावर भाषणं देईल, आणि त्या भाषणांपेक्षा पेढा परवडला.

रात्री पोळी-भात नको. पातळसर पिठलं वाटीभर, त्याबरोबर पालेभाजी आणि ताक. किंवा पनीरची भुर्जी, अंडाकरी, रविवारी चिकनचा रस्सा, मासे असतील तर रव्यात न घोळवता तव्यावर. सूप हवं तर घ्या, पण जेवणाआधी, जेवण म्हणून नको.

कीटो आटा, कीटो बिस्किटं, बदामाच्या पिठाच्या भाकऱ्या यांच्या नादाला लागू नका. महागडं पीठ आणून पोळीची नक्कल करायची, आणि ती खाताना खऱ्या पोळीची आठवण काढायची, यात मला काही अर्थ दिसत नाही. आपल्याकडे शेंगदाणा, तीळ, खोबरं, दही, कडधान्यं, पालेभाज्या हे सगळं हाताशी आहे.

चिडचिडीचं फार मनावर घेऊ नका, ती बरीचशी भुकेची आणि चहाची आहे. घरच्यांना एकदा सरळ सांगा की हा आठवडा मला सांभाळून घ्या. तोंडाला थोडा वेगळा वास येऊ शकतो, तोही काही दिवसांचा. नीट खायला लागल्यावर तीन-चार दिवसांत डोकं उतरायला हवं, आणि दोन आठवड्यांत एकूणच हुशारी वाटायला हवी. त्याउलट छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, सतत उलट्या असं काही झालं तर ते "सुरुवातीचं असतं" म्हणून अंगावर काढायचं नाही.

राहिला श्रावण. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. बशीभर खिचडीत साबुदाण्याचीच पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदकं येतात, वर बटाटा. म्हणजे तीन पोळ्या झाल्या आणि उपासही झाला. वरीच्या तांदळाचं आणि राजगिऱ्याचं बशीमागे थोडं कमी भरतं, फार कमी नाही. तेव्हा सोमवारी दाण्याची आमटी वाटीभर करून नुसती प्या, खमंग काकडी दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं घालून मोठी वाटी, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, ताक, मूठभर दाणे. घरी पनीर उपासाला चालत असेल तर तेही. सासूबाईंनी खिचडी केलीच असेल तर चार घास प्रसादासारखे घ्या, पण आमटी आणि काकडी खाऊन झाल्यावर. आमटी त्यांनाच करायला सांगा. त्यांच्या हातची त्यांना जास्त पटेल, आणि "सून काहीच खात नाही" ही तक्रारही राहणार नाही. यजमानांनी मात्र ती गोळी चालू असेपर्यंत डॉक्टरांना न विचारता उपास धरायचा नाही. शंकराला ते चालतं.

पुढचा एचबीए१सी तीन महिन्यांनी करा, त्याआधी करून उपयोग नाही, कारण तो आकडा साधारण तेवढ्या दिवसांची सरासरी दाखवतो. त्याला उपाशीपोटी जावं लागत नाही, शाळा सुटल्यावर जाता येईल. यजमानांनाही त्याच दिवशी बरोबर न्या, आणि जाताना दोघांच्या गोळ्यांची पाकिटं पर्समध्ये असू द्या.